तान्ह्या बाळाला मध चाटवू नका

महोदय,

बाळगुटी उगाळताना सहाणेवर मधाचा थेंब टाकण्याची रीत कोकणातील अनेक घरांत अजून आहे. मध रानातला, अगदी शुद्ध असला तरी त्यात बोट्युलिझमच्या, म्हणजे स्नायू लुळे पाडणाऱ्या विषबाधेच्या, जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतील बाळाच्या आतड्यात रुजून ते विष तयार करतात. सुरुवात बहुधा बद्धकोष्ठाने होते; मग पापण्या मिटू लागतात, रडणे क्षीण होते, दूध ओढवत नाही, मान लुळी पडते. ताप बहुधा नसल्याने घरचे निर्धास्त राहतात, याची मला फार काळजी वाटते. निदान शौचाच्या तपासणीने पक्के होते. पण अहवालाची वाट न पाहता, श्वासावर अहोरात्र लक्ष ठेवता येईल अशा रुग्णालयात बाळाला हलवावे लागते. आशाताईंनी बाळंतिणीच्या घरी मधाबद्दल आवर्जून विचारावे, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, राजापूर