‘फॅक्टरी-करेक्ट’ सांगून रंग मारून दिल्याबद्दल तक्रार

प्रति,
व्यवस्थापक, पार्ट रिस्टोरेशन विभाग

विषय: १९६९ शेवरले कॅमारोच्या सुट्या भागांचे चुकीचे फिनिश, काम पुन्हा करून देणे अथवा रक्कम परत करणे

महोदय,

माझ्या १९६९ च्या कॅमारो एसएस ३९६ चे काही भाग मी तुमच्याकडे फिनिशसाठी दिले होते: बॉनेटच्या बिजागऱ्या आणि त्यांच्या स्प्रिंगा, ब्रेक बूस्टर (ब्रेक दाबताना जोर वाढवणारा पत्र्याचा डबा), रॉचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर (इंजिनासाठी पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग) आणि बोल्टांची एक पिशवी. कोटेशनवर ‘फॅक्टरी-करेक्ट’, म्हणजे कारखान्यातून निघाले तसेच हुबेहूब, असे तुम्हीच छापले आहे आणि त्यासाठी साध्या प्लेटिंगपेक्षा (धातूच्या मुलाम्यापेक्षा) बराच चढा दर लावला आहे. परत आलेला माल चकाचक आहे, आणि तक्रार नेमकी त्याचीच आहे. आपले फोनवरचे सगळे बोलणे मराठीत झाले, म्हणून पत्रही मराठीत लिहितो. फोटो आणि बिलाची प्रत सोबत आहे.

आधी बिजागऱ्या. या गाडीच्या बिजागऱ्यांना जनरल मोटर्सने रंग दिलेला नव्हता, फॉस्फेट केलेले होते. गरम फॉस्फेटच्या द्रावणात पोलाद बुडवले की पृष्ठभागावर बारीक करड्या स्फटिकांचा थर तयार होतो आणि तो थर तेल धरून ठेवतो. गंज अडवते ते मुख्यतः हे तेलच. त्यामुळे अस्सल फॉस्फेटवरून बोट फिरवले तर ते किंचित खरखरीत आणि तेलकट लागते. तुमच्या बिजागऱ्या काचेसारख्या गुळगुळीत आहेत, कारण त्यांवर करडा स्प्रे पेंट आहे. बॉनेट थोडे उघड-मीट केल्यावर रिव्हेटांभोवतीचा रंग सोलला आणि खाली ब्लास्टिंग केलेले (वाळूच्या माऱ्याने साफ केलेले) उघडे पोलाद दिसू लागले. उरलेला रंग थिनरच्या बोळ्याने निघतो. फॉस्फेट थिनरने निघत नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको.

स्प्रिंगांचे प्रकरण त्याहून गंभीर आहे. त्यांच्यावरचा पेंट खरवडला तर खाली चकचकीत झिंक प्लेटिंग निघाले. कठीण स्प्रिंग-पोलाद आम्लात धुऊन त्यावर इलेक्ट्रोप्लेटिंग केले की हायड्रोजन धातूत शिरतो आणि स्प्रिंग ठिसूळ होऊ शकते. म्हणून प्लेटिंग झाल्यावर काही तासांच्या आत असा भाग भट्टीत साधारण १९० अंश सेल्सिअसला कित्येक तास ठेवावा लागतो. तुम्ही तसे केले होते का, हे विचारले तर “आम्ही नेहमी असेच करतो” एवढेच उत्तर मिळाले. नेहमी असेच म्हणजे कसे? ताणलेली स्प्रिंग कधी तुटेल ते सांगता येत नाही आणि इंजिनवर वाकून काम करणारा माणूस बॉनेटखाली असतो. सध्या मी बॉनेटला लाकडी दांडका लावून काम करतो. दांडक्याबद्दल मला जास्त खात्री आहे.

बूस्टरबद्दल मी तुमची बाजूही मांडतो. त्या काळच्या बूस्टरचे सोनेरी फिनिश पिवळ्या क्रोमेटचे, म्हणजे प्लेटिंगवर दिलेल्या क्रोमियमच्या रासायनिक थराचे असे. त्यात लाल-हिरवी इंद्रधनुषी झाक असे आणि ती जागोजागी वेगळी दिसे. ती झाक हेक्साव्हॅलंट क्रोमियमची. ते घातक आहे, म्हणून बरेच प्लेटर आता कमी घातक असे ट्रायव्हॅलंट क्रोमियम वापरतात आणि पिवळेपणा अनेकदा डाय (रंगद्रव्य) घालून आणतात. तुमच्या कामगारांच्या जिवावर उठून मला झाक नको आहे, कॅडमियम या विषारी धातूच्या प्लेटिंगचाही माझा हट्ट नव्हता. पण हे काम घेतानाच सांगायला हवे होते. मी ठरवले असते. न सांगता तुम्ही मोहरीच्या डब्यात बुडवून काढल्यासारखा एकसारखा पिवळा बूस्टर पाठवला. त्याआधी त्यावर जाड वाळूचे ब्लास्टिंगही केले. प्रेसमधून निघालेल्या पत्र्याचा मूळ गुळगुळीतपणा गेला आणि त्यावर ठोकलेला ओळखीचा कोड इतका बुजला की टॉर्च तिरका धरल्याशिवाय वाचता येत नाही. जुने प्लेटिंग रसायनाने उतरवता येते. बाकी सगळे पुन्हा करता येईल, कोड मात्र परत येणार नाही.

कार्बोरेटर तर सरसकट सोनेरी फवारला आहे. क्वाड्राजेटच्या वरच्या भागांवर डायक्रोमेटची (अशाच क्रोमियमच्या थराची) छटा असते, खालचा थ्रॉटलचा भाग उघड्या अॅल्युमिनियमचा असतो आणि लिंकेजचे (थ्रॉटल हलवणाऱ्या दांड्यांचे) फिनिश आणखी वेगळे असते. तुम्ही तिन्हींना एकच रंग दिला. ७०२९ ने सुरू होणारा जो नंबर पाहून कार्बोरेटर १९६९ चा आहे हे ओळखतात, तोही रंगाने भरला. शिवाय पेट्रोल लागले तिथे रंग फुगून त्याचे पापुद्रे निघत आहेत. ते आत गेले तर जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक छिद्रे, तुंबतील.

बोल्टांपैकी डोक्यावर ‘टीआर’ अशी खूण असलेले माझे मूळ बोल्ट कमी भरले. त्यांच्या जागी बिनखुणेचे नवे आले आहेत. पिशवी देण्यापूर्वीचा फोटो जोडला आहे.

ही गाडी मला नोव्हेंबरात इलिनॉयमधल्या रोझमाँटच्या मसल कार प्रदर्शनात न्यायची आहे. तिथले परीक्षक असले पेंट लांबूनही ओळखतात. पण प्रदर्शन नसते तरी माझे म्हणणे हेच असते. ओहायोतल्या नॉरवूडच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातून ही गाडी निघाली तेव्हा ती निर्दोष नव्हती. इंजिनाचा ऑरेंज रंग एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर उडायचा आणि गाडी थोडी चालली की जळून जायचा. असले दोष मला हवेच आहेत. जे कारखान्याने केले नाही ते चमकवून कारखान्याच्या नावावर खपवणे मला मान्य नाही.

माझी मागणी अशी: बिजागऱ्यांचा रंग उतरवून त्यांना खरे फॉस्फेट आणि तेल करून द्यावे. प्लेटिंग केलेल्या स्प्रिंगा मी वापरणार नाही, त्यांच्या बदल्यात फॉस्फेट केलेल्या नव्या द्याव्यात. कार्बोरेटर दुसरीकडे दुरुस्त करून घेईन, त्याची आणि बूस्टरची पूर्ण रक्कम परत करावी. माझे मूळ बोल्ट शोधून पाठवावेत. १५ दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर क्रेडिट कार्ड कंपनीकडे रकमेवर हरकत घेईन आणि मिशिगनच्या अॅटर्नी जनरलच्या ग्राहक संरक्षण विभागाकडे हीच कागदपत्रे देईन.

बूस्टर मी परत पाठवत नाही. ज्यांनी कोड घासला त्यांच्या हातात तो पुन्हा द्यायचा नाही. पाहायचा असेल तर माझ्या गॅरेजमध्ये येऊन पाहावा.

आपला,
(सही)
मिशिगन