फॉलिकची गोळी लग्न ठरल्यावर घ्या, पाळी चुकल्यावर नको

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी सोलापूरच्या पूर्व भागात एका मेडिकलच्या काउंटरला असते म्हणून लिहायला बसले. लग्नाला वर्ष होत नाही तोवर घरात "काय गं, काही गोड बातमी?" सुरू होतं आणि मग पोरं मोबाईलवर व्हिटॅमिनच्या डब्याचा फोटो दाखवत येतात, हे आहे का ओ, ह्यानं दिवस राहतेत म्हणे. डबा हजाराच्या पुढचा, बायको घरी विड्या वळणारी, आणि पैसे मोजताना तोंडाकडं बघवत नाही.

फॉलिक ॲसिड म्हणजे एक बी व्हिटॅमिनच, त्याची पट्टी त्या मानानं चिल्लर की. पण ती मागायला येतात दुसरा महिना सरताना. बाळाच्या मेंदू-मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसात मिटते, तोवर कित्येक जणींना दिवस गेलेत हेच नीट कळलेलं नसतं. म्हणून रोज 400 मायक्रोग्रॅम, निदान महिनाभर आधीपासून ते पहिले तीन महिने. आधीच्या बाळाला मणक्याचा दोष असेल, शुगर असेल, फिटच्या गोळ्या चालू असतील तर जास्त लागते, ते डॉक्टर ठरवतील. आणि ह्या गोळीनं दिवस राहतात असं नाही बरं का, ती बाळाच्या मणक्यासाठी.

ह्या फॉलिकचा माग लागला तोच मुळी मुंबईत, 1928 नंतर ल्युसी विल्स ह्या डॉक्टरबाईंनी गिरणी कामगार बायकांमधला गरोदरपणातला ॲनिमिया अभ्यासला तेव्हा. आणि आपल्या सोलापूरसारख्या गिरणगावात अजून हे सांगावं लागतंय!

पुरुषांच्या डब्यांचं तर विचारूच नका. 2020 मध्ये अमेरिकेत दोन हजारांवर जोडप्यांचा अभ्यास आला, पुरुषांना सहा महिने झिंक आणि फॉलिक दिलं, ना शुक्राणू सुधारले ना जास्त बाळं झाली. साधी वीर्य तपासणी करा म्हटलं की मात्र गडी गायब, तपासण्या सगळ्या बायकोच्याच. काही जणी तर दोन-दोन डबे एकदम खातात, व्हिटॅमिन ए जास्त झालं तर बाळालाच अपाय होतो हे कोण सांगणार?

सरकारी लाल गोळी फुकट मिळते, 60 मिलिग्रॅम लोह आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक, गरोदर बाईला 180 दिवस. शी काळी होते, मळमळतं म्हणून अर्ध्यात सोडतात. काळी होणारच, घाबरू नका, फक्त चहाबरोबर घेऊ नका आणि कॅल्शियमची वेगळ्या वेळेला घ्या. माळकरी किंवा शाकाहारी घरात व्हिटॅमिन बी12 पण तपासून घ्या, नुसत्या फॉलिकनं रक्त सुधारलेलं दिसतं आणि बी12 ची कमतरता झाकली जाते.

महापालिकेनं लग्न नोंदणीलाच जोडप्याला हे सांगून फॉलिकची पट्टी हातात द्यावी, आशाताईंनी पोट दिसायच्या आधी सुनेला गाठावं. आणि संपादकसाहेब, "हमखास गुण" वाल्या जाहिराती जेवढ्या मोठ्या अक्षरात छापता तेवढ्याच अक्षरात ते 400 मायक्रोग्रॅम पण छापा एकदा.

आपली,
एक वाचक, सोलापूर