घरशिक्षणाचा अभ्यास करताना शाळेत परतलेली मुलेही मोजा

संपादक महोदय,

घरशिक्षणाचा, म्हणजे होमस्कूलिंगचा विषय निघाला की गोव्यात हल्ली ‘संशोधन असे सांगते’ हे पालुपद हमखास कानी पडते. घरी शिकणारी मुले परीक्षेत पुढे असतात, असे एक बाजू म्हणते. ती एकलकोंडी होतात, असे दुसरी. दोघांकडेही परदेशी अभ्यासांची नावे तोंडपाठ असतात. त्या अभ्यासांत मुले आली कुठून, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही.

सर्वांत जास्त पुढे केला जातो तो अमेरिकी संशोधक लॉरेन्स रुडनर यांचा १९९९ चा अभ्यास. ११,९३० कुटुंबे, २०,७६० मुले. आकडा दणदणीत आहे, पण ही सगळी कुटुंबे अमेरिकेतील एका ख्रिस्ती विद्यापीठाची चाचणीसेवा पैसे भरून घेणारी होती. जवळजवळ सगळी गोरी, आईवडील दोघेही घरात असलेली. या अभ्यासाने घरशिक्षण शाळेपेक्षा सरस ठरत नाही, असे रुडनर यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे; तेवढे वाक्य गाळून बाकीचे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरते. कॅनडातील सँड्रा मार्टिन-चँग आणि सहकाऱ्यांचा २०११ चा अभ्यास आकाराने अगदी लहान, पण जास्त काळजीपूर्वक केलेला. घरी शिकणारी ३७ आणि शाळेत जाणारी ३७ मुले, वये ५ ते १०. घरच्या ३७ पैकी २५ जणांचा अभ्यास आखीव होता. ती शाळेतल्या मुलांच्या पुढे निघाली. उरलेली १२ ‘मूल आपोआप शिकेल’ या पद्धतीची. ती सर्वांत मागे राहिली. बारा मुलांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, पण ‘घरशिक्षण’ ही एकच गोष्ट नाही एवढे त्यातून नक्की कळते. अमेरिकेतील पीटर ग्रे आणि जीना रायली यांनी याच ‘आपोआप शिकेल’ पद्धतीच्या २३२ कुटुंबांचे अनुभव गोळा केले, तेही आवाहन वाचून आपणहून उत्तरे पाठवणाऱ्यांचे.

या बहुतेक अभ्यासांतून एक गट निसटतो: वर्षभर, दोन वर्षे घरी शिकवून पाहिले, जमले नाही आणि मूल पुन्हा शाळेत घातले, अशी कुटुंबे. जे टिकले तेच बोलतात. मग समाधानी लोकांचे प्रमाण फुगले तर नवल ते काय?

गोवा विद्यापीठातील किंवा आपल्या बीएड-एमएड महाविद्यालयांतील कोणी हा विषय प्रबंधाला घेणार असेल, तर या परतलेल्या मुलांपासून सुरुवात करावी. ती सापडतात शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे प्रवेशाच्या नोंदवहीत. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ४ प्रमाणे शाळेबाहेरच्या मुलाला वयानुरूप इयत्तेत प्रवेश द्यावा लागतो, म्हणून तिसरीत किंवा सहावीत थेट आलेले नाव आणि ‘पूर्वीची शाळा’ हा रकाना कोरा, अशी नोंद शोधावी. पाचवीच्या नोंदींत मात्र फसगत होते. आपल्या सरकारी प्राथमिक शाळा चौथीपर्यंतच असल्याने पाचवीला बहुतेकांची शाळा बदलते आणि नवे नाव त्या गर्दीत लपून जाते. शिवाय कोरा रकाना म्हणजे घरशिक्षणच असेही नाही. बांधकामावरच्या मजुरांची, परराज्यांतून दाखल्याविना आलेली मुलेही तिथेच दिसतात. म्हणून पालकांना विचारल्याशिवाय एकही नाव गटात घालू नये. भागशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी मिळाली तरी पत्ते उतरवून घेऊ नयेत. मुख्याध्यापकांमार्फत पालकांना चिठ्ठी द्यावी. ज्यांना बोलायचे असेल ते फोन करतील.

सध्या घरी शिकणारी कुटुंबे शोधताना नेहमीची चूक म्हणजे एका कुटुंबाकडून दुसऱ्याचा नंबर घेत जाणे. आसगाव-हणजूणच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून सुरुवात केली, तर पंधराव्या मुलाखतीलाही तीच बाहेरून आलेली, इंग्रजी बोलणारी, लॅपटॉपवर काम करणारी मंडळी भेटतात. सत्तरी, डिचोली, पेडण्यातली कुटुंबे त्या साखळीत येतच नाहीत. निदान चार वेगळ्या दारांतून जावे: मुक्त विद्यालयाची अभ्यासकेंद्रे, बालरोगतज्ज्ञ व उपचारतज्ज्ञ, खेळाचे व संगीताचे शिक्षक आणि ग्रंथालये. एका दारातून एकूण कुटुंबांच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त घेऊ नयेत.

तयार आकड्यांवर विसंबणेही धोक्याचे. यूडायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहितीसंचात, फक्त शाळेत नाव असलेली मुले मोजली जातात. एनआयओएसच्या, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या, दहावीच्या यादीत घरी शिकलेली मुले असतात, पण नववीत नापास झालेली, नोकरी करणारी आणि सरावासाठी शाळा सोडलेले खेळाडूही असतात. तीव्र अपंगत्व असलेल्या मुलांना शिक्षण हक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने घरी शिक्षण घेण्याचा हक्क मिळाला आहे. तो गट स्वतंत्रच ठेवावा, कारण तिथे निवड बहुधा परिस्थितीने केलेली असते.

मुलाखतीला आईवडिलांना एकत्र बसवले की वडील तत्त्वज्ञान सांगतात आणि आई चहा करायला उठते. शिकवते बहुतेक घरांत तीच. अमेरिकेत जेनिफर लॉइस यांनी अशा आयांच्या थकव्यावरच पुस्तकभर लिहिले आहे. म्हणून दोघांशी वेगवेगळे बोलावे, आईची वेळ आधी घ्यावी आणि तिने कोणती नोकरी सोडली, किती उत्पन्न बुडाले हे विचारायला लाजू नये. ‘रोज किती तास शिकवता?’ हा प्रश्न निरुपयोगी, त्याचे उत्तर शोभेचेच येते. त्याऐवजी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या रकान्यांची सात दिवसांची वही द्यावी, एकदा पावसाळ्यात आणि एकदा डिसेंबर-जानेवारीत. पर्यटनावर पोट असलेल्या घरांचे वेळापत्रक या दोन मोसमांत ओळखू येत नाही इतके बदलते.

मुलांची वाचनचाचणी घ्यायची असेल तर ती संशोधकाने स्वतः, एकेकट्या मुलाची, घराबाहेर घ्यावी. घरी कोंकणी, वाचायला मराठी आणि गणित-विज्ञान इंग्रजीतून, अशी मुले आपल्याकडे ढिगाने आहेत. त्यांना फक्त इंग्रजी उतारा दिला तर मूल मागे नसते, चाचणी चुकीची असते. संमतीचेही पाहावे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत पालकांच्या संमतीबरोबर ७ ते ११ वयाच्या मुलाचा तोंडी आणि १२ ते १८ वयाच्या मुलाचा लेखी होकार सांगितला आहे. शिक्षणाच्या अभ्यासातही तो धडा गिरवायला हरकत नाही.

कुटुंबे बोलायला कचरतात ती कायद्याच्या धास्तीने. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणे हे पालकांचे कर्तव्य म्हटले आहे, पण ते न पाळल्यास पालकांना शिक्षा सांगितलेली नाही. हे आधीच स्पष्ट सांगावे. आणि प्रबंधात ‘शिवोलीतील, दोन मुली असलेले, बेकरी चालवणारे कुटुंब’ असे लिहू नये. आपल्या गोव्यात तेवढ्यावरून अख्ख्या वाड्याला नाव कळते. गाव तर नाहीच, तालुकाही गाळावा आणि पालकांचा व्यवसाय मोघम ठेवावा.

एमएडच्या मुदतीत पंधरा घरी शिकवणारी आणि दहा परतलेली कुटुंबे एवढे काम नीट होते. मुलांचे पुढे काय झाले, हे त्यात कळणार नाही. त्यासाठी संमतीपत्रात ‘दोन वर्षांनी पुन्हा संपर्क साधल्यास चालेल का?’ ही एक ओळ घालावी आणि होकार देणाऱ्यांची यादी विद्यार्थ्यासोबत घरी न जाता विभागाच्या कपाटात कुलूपबंद राहावी. पुढच्या तुकडीला तिथूनच उचलता येईल.

आपला,
शिक्षणशास्त्राचा एक अध्यापक, फोंडा