एका पोत्यात ओटा: गवंडीमामांना आभार पत्र

कोल्हापूर

गवंडीमामा, सप्रेम नमस्कार.

मंगळवार पेठेतल्या आम्हा दोन घरांना स्वयंपाकघरात ग्रॅनाइटचा ओटा परवडणारा नव्हता, आणि सिमेंटचा केला तर त्याला चिरा पडणारच, असं जो तो सांगत होता. तुम्ही स्वतःची कामं सांभाळून, एक रुपया हजेरी न घेता, सगळं समजावून दिलंत. त्याबद्दल मनापासून आभार. तुमचं सांगणं आणखी चार घरांच्या उपयोगी पडावं म्हणून इथं लिहून ठेवतोय.

7 फूट लांब, 2 फूट रुंद, 2 इंच जाड ओट्याला सिमेंटचं एक पोतं पुरून उरतं. दहा लिटरच्या बादलीनं सिमेंट 2, क्रश सँड (दगड भरडून केलेली वाळू) 3 आणि 10 मिमीची बारीक खडी 6, एवढाच माल. उरलेलं सिमेंट खालच्या विटांच्या भिंतींना. साडेचार इंची चार भिंती घातल्या की मध्ये साधारण 22 इंचांचे तीन गाळे पडतात. त्यातल्या एकात सिलिंडर, एकाच्या वर सिंक. उंची किती, याला तुम्ही आकडा न सांगता माप सांगितलंत: भाकरी थापणाऱ्याच्या कोपरापासून 4-5 इंच खाली. बहुतेक घरांत ते 32 ते 34 इंचांत बसतं.

सगळ्यात मोलाचं होतं ते पाण्याचं. वर सांगितलेल्या मालाला 12 ते 13 लिटर, त्याच्या वर एक तांब्याही नाही. माल पसरायला सोपा जातो म्हणून लोक पाणी वाढवतात. ते जादा पाणी नंतर उडून जातं, त्याच्या जागी बारीक पोकळ्या राहतात, ओटा आकसताना चिरतो आणि पुढं हळद-तेल त्याच पोकळ्यांत मुरतं. वाळू पावसात भिजलेली असेल तर पाणी लिटर-दीड लिटर आणखी कमी, कारण ते वाळूबरोबर आत आलेलंच असतं. हातमोजा घालून मूठभर माल दाबला की गोळा झाला पाहिजे आणि बोटांतून पाणी गळता कामा नये, ही तुमची खूण कुणालाही जमेल. असा घट्ट माल पोकळ राहू नये म्हणून सळईनं टोचत जायचं आणि खालून साच्याच्या प्लायवर लाकडी हातोडीनं ठोकत राहायचं.

8 मिमीच्या सळया: लांबीला चार, आडव्या दर 8-9 इंचांवर, खाली 20 मिमीचे कव्हर ब्लॉक (सळई तळाला टेकू नये म्हणून ठेवायचे ठोकळे). एकूण सहा किलोच्या आत काम होतं. पण चीर पडते ती सिंकच्या कोपऱ्यातून. म्हणून चारही कोपऱ्यांत एकेक फुटाची तिरपी सळई, आणि सिंकच्या पुढं जी साडेतीन इंचांची पट्टी उरते तिच्यात दोन सळया. ही पट्टी 3 इंचांपेक्षा कमी ठेवूच नये, सिंक लहान घ्यावा.

12 मिमी प्लायला तेल लावून टेकू दर दीड-दोन फुटांवर. पुढच्या कडेपासून इंचभर आत, प्लायवर 8 मिमीची गुळगुळीत सळई तेल लावून आडवी ठेवायची. नंतर ती काढली की खालून खाच राहते. कडेवरून ओघळलेलं पाणी त्या खाचेशी थांबून खाली टपकतं, कपाटाच्या दारांकडं वळत नाही. एवढ्याशा गोष्टीनं लाकूड वाचतं, तरी कितीतरी महागड्या ओट्यांना ती नसते.

वर आलेलं पाणी जिरल्यावरच लोखंडी थापी फिरवायची. पाणी टिपायला कोरडं सिमेंट भुरभुरलं की वरचा पापुद्रा पुढं सुटतो. मग ओलं गोणपाट आणि वर प्लास्टिक, दहा दिवस. बाजूच्या फळ्या दुसऱ्या दिवशी काढल्या तरी टेकूंना सात दिवस हात लावायचा नाही.

घासायला पाण्याचा पॉलिश पेपर: 120, 220, 400. सीलर, म्हणजे डाग मुरू न देणारा वरचा थर, 28 दिवसांनी. आपल्याकडं पावसाळ्यात क्युरिंग (ओटा ओला ठेवणं) सोपं, पण ओटा वाळायला फार वेळ घेतो. वाळला का ते बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून रात्रभर ठेवायचा. सकाळी खाली दव दिसलं तर थांबायचं. लिंबू, चिंच, ताक सिमेंटला खातात, तसे कडप्प्यालाही खातात. इपॉक्सी सीलरचा थर त्यापासून वाचवतो, पण गॅसवरून उतरलेली कढई थेट ठेवली तर तोच थर मऊ पडतो. तेव्हा लाकडी पाट हवाच. आणि खर्डा कुटायचा तो भिंतीच्या वर, गाळ्याच्या मधोमध नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या घरी एल आकाराचा ओटा ओतायचा आहे. कोपऱ्यातली जाळी कशी बांधायची ते विचारायला येतो. मामींना नमस्कार.

आपले,
मंगळवार पेठेतली दोन्ही घरं