चूक दाखवणाऱ्या विद्यार्थिनीकडून माफीनामा कशासाठी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सायबर जनजागृतीच्या बातम्या आपल्या दैनिकात नेमाने येतात. ओटीपी कुणाला सांगू नका, अनोळखी लिंक उघडू नका, पासवर्ड बदलत राहा. सूचना रास्तच आहेत, पण सगळ्या नागरिकालाच. ज्यांच्या सर्व्हरवर आपली कागदपत्रं पडून आहेत त्या संस्थांनी काय करायचं, आणि त्यांच्या कारभारातलं भगदाड एखाद्याच्या नजरेस पडलंच तर त्याने कुणाचं दार ठोठवायचं, याबद्दल चकार शब्द नसतो. म्हणून हे पत्र.

मी एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक विभागात शिकवते. नेटवर्क आणि माहिती सुरक्षा हे माझे विषय. अंतिम वर्षाच्या काही गटांचे प्रकल्पही माझ्याकडे असतात. त्यातल्या एका गटाने शैक्षणिक संकेतस्थळांची सुरक्षितता हा विषय घेतला होता. बाहेरच्या कुठल्याही संकेतस्थळाला हात लावायचा नाही, प्रयोगशाळेत स्वतःच एक नकली संकेतस्थळ उभारायचं आणि त्यातल्या चुका शोधायच्या, अशी आमची पद्धत. गटातली एक मुलगी त्याच सुमारास एका संस्थेच्या शिष्यवृत्तीसाठी ऑनलाइन अर्ज भरत होती. भरलेल्या अर्जाची प्रिंट काढण्यासाठी तिने पत्ता पुन्हा टाइप केला, त्यात अर्ज क्रमांकाचा शेवटचा आकडा चुकला आणि स्क्रीनवर दुसऱ्याच कुणाचा तरी अर्ज उघडला. फोटो, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, बँक पासबुकाचं पहिलं पान, वडिलांचा मोबाइल नंबर. सगळं.

यात गूढ असं काहीच नाही. सर्व्हर फक्त ‘तुम्ही लॉगिन केलंय का’ एवढंच तपासत होता. ‘हा अर्ज तुमचाच का’ हे तपासतच नव्हता. सोसायटीच्या गेटवर वॉचमनने एकदा आत सोडलं की प्रत्येक फ्लॅटचं दार सताड उघडं, तशातली गत. त्यात अर्जांना क्रमांक ओळीने दिलेले, त्यामुळे पुढचा क्रमांक कोणता हे शोधायला अक्कल लागत नाही. दुरुस्ती म्हणजे प्रोग्रॅममध्ये एक अट घालायची: मागितलेला अर्ज आणि लॉगिन केलेला माणूस यांची जोडी जुळते का? आमच्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांनाही ती लिहिता येते. वेब ॲप्लिकेशनमधल्या गंभीर धोक्यांची यादी काढणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत हाच प्रकार पहिल्या क्रमांकावर होता. म्हणजे रोग जुना, औषध माहितीचं, फक्त ते द्यायला कुणी नाही.

मुलगी दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आली. पुन्हा त्या पानावर जायचं नाही, दुसऱ्या कुणाच्या अर्जाचा स्क्रीनशॉट ठेवायचा नाही, असं मी सांगितलं. तिने तो घेतलाही नव्हता. मग आम्ही संस्थेला ईमेल लिहिला. काय दिसलं, कधी दिसलं, कसं दुरुस्त करता येईल, एवढंच. संकेतस्थळावर दिलेल्या पत्त्यावरून तो परत आला. फोन नंबर होता तो संकेतस्थळ बनवून देणाऱ्या ठेकेदाराचा, आणि ठेकेदार म्हणाला, ‘मॅडम, आमचं एएमसी (वार्षिक देखभालीचं कंत्राट) संपलंय.’ शेवटी संस्थेच्या कार्यालयात एक साहेब भेटले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला: ‘म्हणजे तुमच्या विद्यार्थिनीने आमची साइट हॅक केली?’

आठवड्याभरात प्राचार्यांच्या नावे पत्र आलं. त्यात संकेतस्थळातल्या चुकीचा उल्लेख नव्हता, माहिती तंत्रज्ञान कायद्याचा होता. मुलीच्या हातात कॅम्पस प्लेसमेंटचं ऑफर लेटर होतं, वडील एसटीत वाहक, पोलीस केसचं नाव काढताच घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. तिच्याकडून माफीनामा लिहून घेण्यात आला. मी विरोध नोंदवला. तो त्याच फाइलला लावला आहे. पुढे काही दिवसांनी आपल्या क्रमांकात बदल केला की ‘परवानगी नाही’ असा संदेश यायला लागला, असं दुसऱ्या एका अर्जदाराकडून कळलं. म्हणजे सांगितलेलं औषध घेतलं, आणि सांगणारीला मात्र कान धरून उभं केलं. त्या गटाने प्रकल्पाचा विषयच बदलला. चेहरा ओळखून हजेरी लावणारी यंत्रणा त्यांनी केली. तीही बक्षीसपात्र ठरली, पण तो वेगळा विषय, आणि त्यातल्या खासगीपणावर लिहायला बसले तर आणखी एक पत्र होईल.

मला त्या साहेबांवर राग काढायचा नाही. त्यांना खरोखरच वाटलं असणार की चूक दाखवणं म्हणजेच चोरी. आमच्या विद्याशाखेचं कामच मुळी दुसऱ्याच्या कुलपातली खोट शोधण्याचं आहे, हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही. नीडहॅम आणि श्रोडर या दोघांनी १९७८ मध्ये नेटवर्कवरून परस्परांची ओळख पटवण्याची एक पद्धत मांडली. जगभर ती शिकवली गेली. १९९५ मध्ये गॅव्हिन लो या संशोधकाने दाखवलं की तिच्यातल्या सार्वजनिक किल्लीच्या (म्हणजे प्रत्येकाची एक किल्ली सगळ्यांना माहीत, दुसरी गुप्त, अशा) प्रकारात तिसरा माणूस मधे घुसू शकतो: अ त्याच्याशी बोलतोय आणि ब ला वाटतंय आपण अ शीच बोलतोय. सतरा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. उपाय काय, तर दुसऱ्या संदेशात उत्तर देणाऱ्याने स्वतःचं नाव घालायचं. आमच्याकडे परीक्षेत हा प्रश्न येतो, मुलं बाणांची आकृती काढून मोकळी होतात. लो यांनी जे केलं तेच एखाद्या विद्यार्थ्याने खऱ्याखुऱ्या व्यवस्थेवर केलं की मात्र ते गुन्हेगारीत जमा.

बाहेरही हे भांडण झालंय आणि निकालही लागलेत. नेदरलँड्समधल्या नायमेखनच्या राडबाउड विद्यापीठाचं उदाहरण मी दरवर्षी वर्गात सांगते. मायफेअर क्लासिक नावाची एक चिप जगभरच्या बस-मेट्रोच्या कार्डांत आणि कार्यालयांच्या प्रवेशपत्रांत वापरली जात होती. तिच्यातली सांकेतिक पद्धत कंपनीने गुप्त ठेवली होती आणि किल्ली जेमतेम ४८ बिटांची. २००७ च्या डिसेंबरात बर्लिनच्या एका परिषदेत कार्स्टन नोल आणि हेन्रिक प्लोट्झ यांनी चिपचे थर तासून, सूक्ष्मदर्शकाखाली तिचं सर्किट वाचून त्या पद्धतीचा बराचसा उलगडा केला होता. मार्च २००८ मध्ये राडबाउडच्या गटाने प्रत्यक्ष कार्डाची नक्कल करून दाखवली. करून दाखवली, पण आधी सरकारला कळवलं, मग जाहीर केलं. सविस्तर शोधनिबंध ऑक्टोबरच्या परिषदेत यायचा होता. चिप बनवणारी एनएक्सपी कंपनी तो थांबवायला आर्नेमच्या न्यायालयात गेली.

१८ जुलै २००८ ला न्यायालयाने कंपनीची मागणी फेटाळली. कंपनीचं नुकसान होणार असेल तर ते निबंध छापल्यामुळे होणार नसून, उणिवा असलेली चिप बनवून विकल्यामुळे होणार आहे, असं त्या निकालात म्हटलं आहे. शिष्यवृत्तीवाल्या साहेबांच्या टेबलावर हे वाक्य मराठीत टाइप करून ठेवावं असं मला फार वाटलं होतं.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बोस्टनमध्ये तसंच घडलं. एमआयटीच्या तीन विद्यार्थ्यांनी तिथल्या मेट्रोच्या तिकिटांतल्या उणिवा शोधल्या होत्या. त्यांचं काम रॉन रिव्हेस्ट यांच्या संगणक व नेटवर्क सुरक्षेच्या वर्गासाठी झालेलं. संदेश सांकेतिक करण्याच्या आरएसए पद्धतीतला आर म्हणजे हेच रिव्हेस्ट. आमची मुलं दोन मूळ संख्यांचा गुणाकार करून ज्यांच्या नावावर दहा गुण मिळवतात ते. मुलं लास व्हेगासच्या परिषदेत बोलणार होती. परिवहन मंडळाने न्यायालयातून तात्पुरती मनाई आणली. गंमत अशी, की भाषणाच्या स्लाइड्स परिषदेच्या सीडीवर आधीच वाटून झाल्या होत्या, आणि मुलांनी दिलेला गोपनीय अहवाल मंडळाने स्वतःच न्यायालयात कागदपत्रांना जोडला, तो सार्वजनिक झाला. दहा दिवसांनी मनाई उठली. पुढे त्याच मुलांनी मंडळाला उणिवा बुजवायला मदत करायचं ठरलं. हे आधीच चहा पिता पिता ठरलं असतं तर वकिलांची फी वाचली असती.

आपल्याकडे काय? २०१० मध्ये हैदराबादचे हरी प्रसाद यांनी मिशिगन विद्यापीठाचे ॲलेक्स हाल्डरमन आणि नेदरलँड्सचे रॉप गोंगग्राइप यांच्यासह मतदान यंत्राच्या सुरक्षिततेवर काम केलं. अभ्यासासाठी मिळालेलं यंत्र कुणी दिलं हे सांगायला हरी प्रसाद यांनी नकार दिला आणि त्या यंत्राच्या चोरीच्या प्रकरणात ऑगस्टमध्ये मुंबई पोलिसांनी त्यांना अटक केली. नंतर जामीन झाला. मतदान यंत्रांच्या वादात मला इथे शिरायचं नाही, ते राजकारण्यांचं रान आहे. पण तेव्हा पदवीला असलेली मुलं आज माझ्यासारखीच शिकवतायत, आणि त्यांच्या मनात बसलेली धास्ती मला विभागाच्या बैठकीत दिसते. ‘सिक्युरिटीचा विषय नको, ॲप करा’ हा सल्ला सर्रास दिला जातो. मग यूपीआयच्या व्यवहारांची आणि त्यावर चालणाऱ्या ॲपांची कसून चिकित्सा करणारा निबंध संगणक सुरक्षेवरच्या २०२० च्या युसेनिक्स परिषदेत येतो तो मिशिगन विद्यापीठातून. रेणुका कुमार या त्याच्या पहिल्या लेखिका. भाजीवाल्या मावशींच्या गाडीवर ज्याचा क्यूआर कोड चिकटवलेला आहे त्या व्यवस्थेचा अभ्यास पुण्या-कोल्हापुरात का होऊ नये?

कायदा म्हणाल तर माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये ‘मालकाच्या किंवा प्रभारी व्यक्तीच्या परवानगीविना’ संगणकात प्रवेश केल्यास भरपाईची तरतूद आहे, आणि तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हेतू बघायचा असं कलम ६६ सांगतं, हे खरं. पण हेतू शुद्ध होता हे सिद्ध करायला एकवीस वर्षांच्या मुलीने पोलीस ठाण्याच्या किती पायऱ्या झिजवायच्या? २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात माहितीची पुरेशी काळजी न घेणाऱ्याला २५० कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. माहिती फुटली तर ज्यांची फुटली त्यांना कळवायचं बंधनही आहे. ते फुटण्याआधी सद्हेतूने सांगायला आलेल्या माणसाचं काय, यावर तो कायदा गप्प आहे. देशपातळीवर सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था अशा त्रुटींची माहिती स्वीकारते, त्यासाठी तिचं धोरणही आहे, आणि संशोधकांनी त्याचा वापर करावाच. पण तेवढ्याने एखाद्या संस्थेला चूक दाखवणाऱ्यावर फिर्याद ठोकण्यापासून कुणी अडवत नाही. अमेरिकेच्या न्याय खात्याने मे २०२२ मध्ये आपल्या वकिलांना लेखी सांगितलं, की सद्हेतूने केलेल्या सुरक्षा संशोधनावर खटले भरू नका. डच सरकारने तर २०१३ मध्येच चुका कशा कळवाव्यात याची मार्गदर्शिका काढली, आणि ते चूक कळवणाऱ्याला एक टीशर्ट पाठवतात: ‘मी डच सरकारची यंत्रणा हॅक केली आणि मला मिळाला काय, तर हा फालतू टीशर्ट.’ आमच्या मुलीला टीशर्ट नको होता. ‘धन्यवाद, बघतो’ एवढं पुरलं असतं.

माझ्या मागण्या छोट्या आहेत. राज्यातल्या प्रत्येक विद्यापीठाने, परीक्षा मंडळाने आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थेने आपल्या संकेतस्थळावर त्रुटी कळवायचा पत्ता ठेवावा. त्यासाठी ‘सिक्युरिटी डॉट टीएक्सटी’ नावाच्या साध्या मजकुराच्या फाइलचं प्रमाण एप्रिल २०२२ मध्ये ठरलेलं आहे. त्यात दोनच गोष्टी सक्तीच्या: कुणाशी संपर्क करायचा आणि ही माहिती कुठल्या तारखेपर्यंत ग्राह्य. नोटपॅडमध्ये पाच मिनिटांत होते, ठेकेदारही लागत नाही. दुसरं, त्या पत्त्यामागे एक जिवंत माणूस असावा आणि कळवणाऱ्याने माहिती उतरवून घेतली नसेल, पसरवली नसेल, पैसे मागितले नसतील तर त्याच्यावर कारवाई करणार नाही, असं संस्थेने तिथेच लिहून द्यावं. तिसरी मागणी आमच्याच लोकांकडे: महाविद्यालयांनी बाहेरून धमकीचं पत्र आलं की विद्यार्थ्याकडून माफीनामा लिहून घ्यायच्या आधी विभागातल्या दोन जाणकारांना बोलवून नेमकं काय झालं ते विचारावं. संशोधनात माणसांवर प्रयोग असतील तर नैतिकता समितीपुढे जावं लागतं. नेटवर्कवरच्या प्रयोगांसाठी तशी एक छोटी समिती विभागातच असली, तर मुलांना आधीच कळेल की हात कुठपर्यंत घालायचा, आणि प्रसंग आलाच तर पाठीशी कागद असेल.

आमच्या विभागाने या वर्षीपासून एक परवानगीपत्राचा नमुना केला आहे. आजूबाजूच्या ज्या पतसंस्था, शाळा, ग्रामपंचायती किंवा वाचनालयांना आपलं संकेतस्थळ तपासून हवं असेल त्यांनी तो भरून द्यावा. तपासणी मूळ संकेतस्थळावर होणार नाही, त्याच्या प्रतीवर आणि खोट्या नावांच्या नोंदींवर होईल. अहवाल फक्त संस्थेला मिळेल, नाव कुठेही छापलं जाणार नाही आणि पैसे लागणार नाहीत. एका पतसंस्थेचं पत्र आलं आहे. विद्यार्थी तयार आहेत. आणखी दोन संस्था मिळाल्या तर या सत्राचे प्रकल्प त्यावरच देता येतील. संबंधितांनी आपल्या दैनिकाच्या कार्यालयामार्फत संपर्क केल्यास नमुना पाठवते.

आपली,
संगणक विभागातील एक प्राध्यापिका, सांगली
(विद्यार्थिनीची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव व पत्ता फक्त संपादकांकडे दिला आहे.)