वजनकाटा

सातारा,
रविवार, रात्री अकरा

प्रिय संज्या,

तुझा फोन ठेवला आणि झोपच उडाली. मूल राहत नाही म्हणून गेलात, तर डॉक्टरांकडून "15 किलो उतरवा, मग बघू," असं ऐकून वहिनी घरी येऊन रडल्या म्हणालास. दोन वर्षांपूर्वी आम्हीही हेच ऐकलं होतं, आकडासुद्धा हाच. सुजाता तेव्हा 33 ची, उंची 155, वजन 78. काट्यावर चढण्याआधी तिनं बांगड्या आणि मंगळसूत्र काढून माझ्या हातात दिलं होतं. तेवढ्यानं काय फरक पडणार होता! घरी आई म्हणाली, "अंगानं सुटलेली म्हैस गाभ धरत नाही." मी पेपर वाचत बसून राहिलो. सुजाता ते अजून विसरलेली नाही. म्हणजे माझं पेपर वाचणं.

पुढचं वर्ष त्या 15 किलोंपायी गेलं. कधी भात बंद, कधी रात्रीचं जेवण बंद. चार उतरायचे, पाच चढायचे. मग दुसऱ्या डॉक्टर मिळाल्या. त्यांनी आधी वय विचारलं, एएमएच, म्हणजे अंडाशयात अंडी किती उरलीत याचा अंदाज देणारी रक्ततपासणी, करायला सांगितली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता तुम्ही चढा काट्यावर." 94! पुरुषाच्या चरबीनं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, घटतं, शुक्राणूंवरही परिणाम होतो, हे मला तोवर कुणी बोललंच नव्हतं. त्या दिवसापासून अजिंक्यतारा चढतोय. निम्म्या वाटेत धाप लागते, पण चढतोय.

वजनाचा संबंध नाही असं नाही रे. आपल्या लोकांत बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 23 च्या वर गेला की वजन जास्त धरतात, 25 च्या वर लठ्ठपणा. सुजाताचा 32. त्यात पीसीओडी, अंडाशयातला हार्मोनचा बिघाड. अशात इन्सुलिन वाढतं, त्यामुळं अंडाशयात पुरुषी हार्मोन वाढतं आणि अंडं वेळेवर फुटत नाही. आयव्हीएफला, म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीला, गेलं तरी इंजेक्शनं जास्त लागतात, गर्भपाताचा धोकाही वाढतो. पण या डॉक्टरांचं म्हणणं, 5 ते 10 टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळी रुळावर येते. 78 चे 5 टक्के म्हणजे चारच किलो! सुजाताचे पाच महिन्यांत सहा उतरले, पाळी 34 दिवसांवर आली, आणि लेट्रोझोल, म्हणजे अंडं वाढवून फोडायला मदत करणारी गोळी, सुरू झालं.

त्यांनीच नेदरलँड्सचा एक अभ्यास सांगितला, 2016 सालचा. 577 बायका, बीएमआय 29 किंवा जास्त. निम्म्यांना आधी सहा महिने आहार-व्यायाम, निम्म्यांना थेट उपचार. दोन वर्षांत नैसर्गिक प्रसूतीनं, पूर्ण दिवसांचं, एकच निरोगी बाळ किती जणींना? आधी वजन उतरवणाऱ्यांत 27 टक्के, थेट उपचारवाल्यांत 35. मात्र पहिल्या गटात आपोआप दिवस जास्त जणींना गेले, हेही खरं.

म्हणून सांगतो, वहिनी 36 च्या आहेत. वजन परत उतरवता येतं, वय नाही. चालणं चालू ठेवा, पण एएमएच आणि तुझी तपासणी याच आठवड्यात करा. हो, तुझीसुद्धा! आणि काकू काही बोलल्या तर तू पेपर उघडू नकोस.

पुढच्या रविवारी दोघं या, फाईल घेऊन. भडंग आणलंस तर माझ्यापुरतं आण, सुजाताला दाखवू नकोस. उद्या सकाळी नऊला तिची सोनोग्राफी आहे, अंडं किती वाढलंय ते बघायला. त्या गोळीचा हा तिसरा महिना. बांगड्या आता ती काढत नाही.

तुझा,
दिल्या