दुखत नाही ना? मग सोडा!

महोदय,

कालच्या आरोग्य पानावरचा लाळग्रंथींवरचा लेख दोनदा वाचला. आधी चष्म्याशिवाय, मग चष्मा लावून, कारण वाटलं आपणच चुकीचं वाचलं. पण नाही. ‘दुखत नसलेल्या गाठीची चिंता करू नये’ हे वाक्य तिथेच होतं, तेही जाड ठशात, चौकटीत. लेखक डॉक्टरांविषयी मला आदरच आहे. चौकटीसाठी वाक्यं निवडणारं आपल्याकडचं जे कोणी असेल, त्यांच्याविषयी मात्र तसं म्हणवत नाही.

हे वाक्य मी नऊ वर्षं ऐकलंय. डाव्या कानाच्या पाळीखाली, जबडा वळतो तिथे, वाटाण्याएवढी गाठ होती. दाढी करताना ब्लेड तिथे किंचित उडी मारायचं. नेहमीचे डॉक्टर बोटाने चाचपून विचारायचे, ‘दुखते का?’ मी म्हणायचो, ‘नाही.’ ‘मग सोडा, चरबीची असेल.’ मी सोडली, तिने मला सोडलं नाही. वाटाण्याची सुपारी झाली, सुपारीचं लिंबू झालं, आणि शेवटी पाळी बाहेर ढकलली जाऊन फोटोत मी एकच कान टवकारून बसल्यासारखा दिसू लागलो. सुईने तपासणी झाली तेव्हा नाव कळलं: प्लिओमॉर्फिक ॲडिनोमा, म्हणजे लाळग्रंथीतली, कर्करोगाची नसलेली एक गाठ.

पॅरोटिडमधल्या, म्हणजे कानापुढच्या मोठ्या लाळग्रंथीतल्या, दहापैकी साधारण आठ गाठी कर्करोगाच्या नसतात, असं लेखात आहे आणि ते बरोबर आहे. पण त्यांत सर्वांत जास्त आढळणारी हीच गाठ वर्षानुवर्षं तशीच ठेवली, तर पुढे तिच्यात कर्करोग होऊ शकतो. आणि ती दुखत नाहीच! दुखतं ते बहुधा खड्यामुळे: जेवायला बसलं की जबड्याखाली टम्म फुगतं आणि जेवणानंतर हळूहळू ओसरतं. लाळेचे बहुतेक खडे जबड्याखालच्या ग्रंथीतच होतात, कारण तिथली लाळ दाट आणि तिला लांब नळीतून वर चढायचं असतं. म्हणजे आपल्या चौकटीप्रमाणे खडेवाला धावत दवाखान्यात जाणार आणि गाठवाला निवांत घरी बसणार. वा!

शिवाय लेखात ग्रंथींच्या तीनच जोड्या आहेत. ओठ, गाल, टाळू यांच्या आतल्या शेकडो बारीक ग्रंथींना जागा पुरली नसावी. ग्रंथी जितकी छोटी, तितकी तिच्यातली गाठ वाईट निघण्याची शक्यता जास्त, हे मला शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी सर्जनबाईंनी सांगितलं. त्यांनी कागदावर चेहऱ्याचे स्नायू हलवणारी नसही काढून दाखवली. ती पॅरोटिडच्या आतूनच जाते आणि पाच फांद्यांत पसरते. नुसती गाठ खरवडून काढली तर तिचं आवरण फुटतं आणि ती पुन्हा उगवते, म्हणून नस जपत ग्रंथीचा भागही काढावा लागतो. माझी गाठ नसेला चांगलीच खेटली होती. तीन महिने डावा डोळा मिटत नव्हता, रात्री पट्टी चिकटवून झोपायचो. चूळ भरली की ओठाच्या कोपऱ्यातून पाणी गळायचं. वाटाण्याएवढी असतानाच काढली असती तर एवढा खटाटोप लागला नसता, असं बाई म्हणाल्या. त्या रागावून बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आता डोळा मिटतो. पण आंबट काही खाल्लं की डाव्या गालावर घाम फुटतो. लाळेच्या कापल्या गेलेल्या बारीक नसा परत वाढताना घामाच्या ग्रंथींना जाऊन मिळतात म्हणे. ही जेवणाच्या ताटाशेजारी माझ्यासाठी रुमाल ठेवते आणि पाहुणे विचारतात, ‘तिखट झालं का?’

आणि हो, लेखासोबतचं चित्र थायरॉइडचं होतं. ती ग्रंथी गळ्यात असते आणि लाळ बनवत नाही. सहामाही परीक्षेत मुलांचे गुण याहून कमी चुकीला कापतात. दुरुस्ती छापणार असाल तर कृपया त्याच पानावर, त्याच ठशात छापा. मागच्या वेळी ग्रहणाची वेळ चुकली होती, तेव्हा ‘दिलगीर आहोत’ हे हरवलं-सापडलंच्या खाली, भिंगाने शोधावं लागलं होतं.

आपला,
एक जुना वर्गणीदार